उद्दिष्टाचा आकडा

2013च्या अखेरीस अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या रायन ग्रेपरने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या ऑनलाइन मंचावर सहलीला न्यायच्या शीतपेटीसाठी लोकांकडे पैसे मागितले. मागणी सव्वा लाख डॉलरची होती, जमले एक लाखाच्या थोडे वर. मुदतीत उद्दिष्ट गाठले नाही तर किकस्टार्टर कुणाच्याच खात्यातून पैसे वळते करत नाही. ग्रेपरच्या हाती शून्य आले. पुढच्या उन्हाळ्यात तो ‘कूलेस्ट कूलर’ सुधारून परत आला. पेटीत मिक्सर होता, ब्लूटूथ स्पीकर होता आणि मागणी आता होती फक्त 50 हजारांची. या खेपेला 62 हजारांहून अधिक लोकांनी मिळून 1 कोटी 32 लाख डॉलर दिले.

वस्तू सुधारली आणि उद्दिष्ट निम्म्याहून खाली आले. ग्रेपरच्या मनात काय होते ते सोडा. पण पहिल्या फेरीत हात पोळलेला कुणीही दुसऱ्या फेरीत हेच करील. मंचावर उद्दिष्टाचा आकडा ‘खर्च किती’ या प्रश्नाचे उत्तर उरत नाही, ‘नक्की किती जमतील’ याचा अंदाज होतो. शिवाय छोटे उद्दिष्ट पहिल्याच दिवशी पार होते, ‘शंभर टक्के’ झळकते आणि ते पाहून आणखी माणसे येतात. खरा हिशेब मांडून मोठी रक्कम मागणारा मात्र हावरट दिसतो, शेवटी रिकाम्या हाताने परततो.

पुढची गोष्ट तितकी आनंदाची नाही. पेटी बनवायला आगाऊ घेतलेल्या पैशांहून जास्त खर्च येऊ लागला. मिक्सरची मोटर बनवणाऱ्या कारखान्यात संप झाला. पैसे भरलेले लोक वाट पाहत असताना तीच पेटी अ‍ॅमेझॉनवर चढ्या भावाने विकायला आली, आणि 2016 साली त्यांनाच सांगण्यात आले की लवकर हवी असेल तर आणखी 97 डॉलर भरा. 2019च्या डिसेंबरात कंपनी बंद पडली. सुमारे 20 हजार जणांना पेटी मिळालीच नाही.

यावरून सगळेच लबाड असतात असे कुणी म्हणेल. तसे नाही. 2015 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या ईथन मॉलिक यांनी किकस्टार्टरवर यशस्वी ठरलेले प्रकल्प तपासले. कबूल केलेले न देणारे 9 टक्के निघाले. मला खटकते ते बुडवणे नव्हे, मांडणी. ‘किकस्टार्टर हे दुकान नाही’ असे त्या मंचाने 2012 सालीच जाहीर केले. मात्र पानावर वस्तूचा फोटो, भाव आणि घरपोच मिळण्याचा महिना! दुकानात आणखी काय असते?

आपल्याकडे या मंचांची ओळख आहे ती मुख्यतः आजारपणामुळे. पाठीच्या कण्याशी संबंधित स्नायूविकाराच्या सोळा कोटींच्या इंजेक्शनसाठी झालेली आवाहने अनेकांना आठवत असतील. तिथे आकडा औषधाच्या किमतीतून येतो, तो खरा असतो. आणि उद्दिष्ट अपुरे राहिले तरी जमलेले पैसे सहसा रुग्णाच्या घरच्यांना मिळतात. म्हणजे जिथे आकडा खरा तिथे अट सैल, आणि जिथे अट कडक तिथे आकडा सोयीचा. हे उलटेच झाले म्हणायचे.

अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वदेशी उद्योगांसाठी चालवलेल्या पैसा फंडाचा हिशेब वेगळाच होता. त्यात आकडा ठरला तो देणाऱ्याच्या बाजूने: माणशी एक पैसा. टिळकांचा पाठिंबा मिळाला, आणि 1908 साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. आता असा फंड शीतपेट्यांच्या कामाचा नाही, हे मान्य. पैसा देणाऱ्याला काचेचा पेला घरपोच मिळणार नव्हता, म्हणून तिथे भाबडी वचने देण्याची वेळच येत नव्हती.

वस्तू देणारच असाल, तर किमान रकमेइतकीच कमाल रकमेचीही अट हवी. पाच हजार पेट्यांचा हिशेब जमतो, पन्नास हजारांचा कोलमडतो. साचे, मोटरी, गोदाम, वाहतूक सगळेच बदलते. वस्तूंची संख्या मर्यादित ठेवायची सोय किकस्टार्टरवर आहे, पण ती निर्मात्याच्या मर्जीवर. ओघ सुरू असताना ‘आता पुरे’ कोण म्हणेल? मंच तर नक्कीच नाही. जमलेल्या रकमेवर त्याचा वाटा पाच टक्के, म्हणजे 1 कोटी 32 लाखांवर साडेसहा लाख डॉलरहून अधिक, आणि तो पेटी कुणाच्या घरी पोचली का हे पाहून ठरत नाही.