सोनं पृथ्वी की तेज?

सोनं पिवळं आणि जड. हळदही पिवळी आणि जड. मग सोनं हळदीसारखंच पृथ्वीतत्त्वाचं का मानू नये? सतराव्या शतकात अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रह’ या आपल्याच न्यायशास्त्रावरच्या ग्रंथावर ‘दीपिका’ ही टीका लिहिली. तिच्यात हा पूर्वपक्ष येतो आणि त्याचा निकाल लावतं तूप. तूप पृथ्वीतत्त्वाचं; खूप तापवलं की ते जळतं, त्याचा पातळपणा संपतो. सोनं मात्र कितीही आटवलं तरी वितळलेलंच राहतं, म्हणून ते पृथ्वी नव्हे. पाणीही नव्हे, कारण पाणी मुळातच पातळ, तर सोन्याला पातळ करते आग. डोळ्यांना दिसतं, म्हणून वायूही नव्हे. उरलं तेज. आकाशातली वीजही न्यायशास्त्राने याच वर्गात घातली आहे.

पण तेजाचा स्पर्श तर उष्ण! मग अंगठी गार का लागते? दीपिकेचं उत्तर असं, की सोन्यात मिसळलेला पार्थिव अंश तो उष्ण स्पर्श झाकून टाकतो. ही सारवासारव वाटते, आणि थोडीफार आहेच. तरी तिच्यामागची शंका पक्की आहे: स्पर्शाला जे जाणवतं, तेच वस्तूत असतं का? एकाच खोलीत रात्रभर राहिलेला पाट आणि पितळी तांब्या यांचं तापमान सारखंच असतं, तरी तांब्या गार लागतो. तो हाताची उष्णता झपाट्याने ओढून घेतो, लाकूड सावकाश घेतं. त्वचेला कळतो तो मुख्यतः हा वेग.

यावरून ‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ असं म्हणायला कुणीतरी टपलेलंच असतं. तसं काही नाही. सोनंदेखील सुमारे २,८५० अंश सेल्सिअसला उकळून वाफ होतं. सोनाराची मूस तिथवर पोचत नाही, एवढंच. या ग्रंथांकडून घेण्यासारखी आहे ती उलटतपासणीची रीत.

धातू उष्णता एवढ्या झपाट्याने का ओढतो, याचं उत्तर मात्र बरंच नंतर आलं. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादिलेली तर्कसंग्रहाची आवृत्ती मुंबईत निघाली १८९७ मध्ये. त्याच वर्षी जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला. पुढे तीनच वर्षांत पॉल द्रूडेने एक जुनं कोडं सोडवायला घेतलं. विडेमान आणि फ्रान्झ यांना १८५३ मध्ये दिसलं होतं, की ज्या धातूतून वीज सहज जाते त्यातून उष्णताही सहज जाते आणि ठरावीक तापमानाला या दोन वाहकतांचं गुणोत्तर बहुतेक धातूंत जवळपास सारखंच येतं. द्रूडे म्हणाला, दोन्ही ओझी वाहणारे हमाल एकच आहेत: धातूत मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन.

‘जिथे वीज सहज जाते तिथे उष्णताही’ अशा नियमाला नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचा पंडित, व्याप्ती म्हणेल आणि लगेच विचारेल, उलट बाजूनेही खरी का? धूर तिथे अग्नी हे खरं, पण अग्नी तिथे धूर हे नव्हे; लालबुंद तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. इथे त्या गोळ्याची जागा हिरा घेतो. तांब्याच्या जवळपास पाचपट उष्णता तो वाहतो, वीज मात्र जवळजवळ अडवून धरतो. त्याच्यात मोकळे इलेक्ट्रॉन नसतात. हलक्या, घट्ट जखडलेल्या कार्बन अणूंची थरथरच उष्णता पुढे नेते. मौज म्हणजे हिरा दीपिकेतही हेच काम करतो. पार्थिव वस्तूवर लोखंडाने ओरखडा उठतो, हे शेकडो ठिकाणी दिसलं तरी हिऱ्यापाशी नियम मोडतो.

आणि सुलट बाजू? तिलाही तडा गेला. २०१७ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी व्हॅनेडियम डायऑक्साइड तपासला. सुमारे ६७ अंशांवर हा विसंवाहक पदार्थ धातूसारखा वीज वाहू लागतो. पण त्याचे इलेक्ट्रॉन जेवढी उष्णता नेतील असं नियम सांगतो, त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा नेतात. नियमामागे एक अट लपली होती: प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या वाटेने सुटा धावला पाहिजे. इथे ते सगळे मिळून एकदमच सरकतात. अशा लपलेल्या अटीला न्यायशास्त्र उपाधी म्हणतं. अग्नीतून धूर निघायला इंधन ओलं असावं लागतं, हे तिचं शिकवणीतलं ठरलेलं उदाहरण.