अमानत आणि पाळणाघर

पहाटे फज्रची नमाज आटोपून निगडी, चिखली किंवा भोसरीच्या रस्त्यावर आलात, तर कंपनीच्या बसची वाट पाहत उभी असलेली माणसे दिसतात. त्यांत स्त्रियाही असतात. पहिल्या पाळीला निघालेल्या त्या आईचे दोन वर्षांचे मूल त्या क्षणी कोणाजवळ असते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

पिंपरीत 1954 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून थेट चाकणच्या मोटार कारखान्यांपर्यंत हा औद्योगिक पट्टा पसरत गेला. मराठवाड्यातून, सोलापुराकडून, उत्तर प्रदेश-बिहारमधून कुटुंबे आली. नवरा-बायको आले, मुले आली. आजी मात्र गावीच राहिली. भाड्याच्या एका खोलीत वडील रात्रपाळी करून झोपलेले आणि आई सकाळच्या पाळीला गेलेली, अशा घरात मुलाला सांभाळायचे कोणी?

आपल्या समाजात या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर दिले जाते: आईने घरी बसावे. जुम्याच्या खुतब्यानंतरच्या गप्पांत हे वाक्य सहज उच्चारले जाते, आणि उच्चारणारे बहुधा पुरुषच असतात. वाचकहो, दिव्य कुरआन या विषयावर काय सांगतो ते शांतपणे पाहू.

सूरह अल्-बकराची 233 वी आयत ही मुलाच्या स्तनपानाविषयीची आहे. दूध पाजण्याचा काळ पूर्ण करू इच्छिणाऱ्यांसाठी मातांनी पूर्ण दोन वर्षे पाजावे, असे ती सांगते. त्यापाठोपाठ आईच्या अन्नवस्त्राचा भार रीतीप्रमाणे पित्यावर टाकते. कोणावरही त्याच्या ऐपतीपलीकडे ओझे घालू नये. मुलापायी आईला त्रास होऊ नये आणि पित्यालाही होऊ नये, अशी ताकीद देते. दूध तोडायचे झाल्यास ते दोघांच्या संमतीने आणि विचारविनिमयाने ठरावे, असे म्हणते. आणि दुसऱ्या स्त्रीकडून मुलाला दूध पाजवून घ्यायचे असेल तर त्यातही दोष नाही, मात्र तिचा ठरलेला मोबदला रीतसर चुकता करावा.

ही आयत तलाकच्या आदेशांमध्ये आलेली आहे. म्हणजे ज्यांचा संसार मोडला आहे, ज्यांना एकमेकांचे तोंड पाहणे नकोसे झाले आहे, त्यांनाही मुलासाठी एकत्र बसून मसलत करण्यास सांगितले आहे. मग एका छताखाली नांदणाऱ्या पती-पत्नीने ती किती अधिक करावी! मुलाची सोय करणे ही एकट्या आईची बाब आहे, हा समज या आयतीपुढे टिकत नाही.

मुलाला दुसऱ्याच्या हाती सोपवणे म्हणजे अमानतीत खयानत, असे मानणाऱ्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांचे बालपण आठवावे. त्यांचे संगोपन बनू सअद कबिल्यात हजरत हलीमा (र.) यांच्याकडे झाले. पुढे हुनैनच्या लढाईनंतर दूधबहीण शैमा त्यांच्यासमोर आल्या, तेव्हा त्यांनी आपली चादर अंथरून त्यांना तीवर बसवले, असे चरित्रकार सांगतात. आपण मात्र पाळणाघर चालवणाऱ्या बाईशी महिन्याच्या पैशांवरून घासाघीस करतो आणि पाच मिनिटे उशीर झाला की तिलाच बोल लावतो. मूल जिच्या मांडीवर झोपते तिचा मोबदला हा आपल्या खर्चातला काटछाटीचा विषय का असावा?

अर्थात, सोपवणे म्हणजे विसरणे नव्हे. प्रत्येक जण राखणदार आहे आणि ज्याच्या-त्याच्या कळपाविषयी त्याला जाब विचारला जाईल, ही हदीस पित्यालाही लागू आहे. रात्रपाळीहून आलेला बाप थकलेला असतो, हे खरे. पण रडणाऱ्या मुलाच्या हाती मोबाइल देऊन कूस बदलणे ही राखण नव्हे.

आता ज्याविषयी बोलायला आपण कचरतो, तिकडे वळतो. या पट्ट्यातील सर्वांत स्वस्त पाळणाघर म्हणजे घरातली मोठी मुलगी. ती नऊ-दहा वर्षांची असते. आईची पाळी बदलली की तिची शाळा बुडते. आधी आठवड्यातून एक दिवस, मग दोन, मग ती शाळेत मागे पडते आणि ‘हिला अभ्यासात गोडीच नाही’ असा शिक्का बसतो. तिच्याशी मसलत कोणीच करत नाही. हजरत नुअमान बिन बशीर (र.) यांच्या वडिलांनी एकाच मुलाला देणगी देऊन प्रेषितांना (स.) साक्षीदार व्हायला सांगितले, तेव्हा त्यांनी नकार दिला आणि मुलांमध्ये न्याय करण्यास बजावले. धाकट्याच्या सुरक्षिततेची किंमत थोरलीच्या शिक्षणातून वसूल करणे हा न्याय कसा होईल? तिचे बालपण हीसुद्धा अमानतच आहे.

कायदा काय म्हणतो? 1948 च्या कारखाने अधिनियमात तीसहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती. 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर ती जबाबदारी टाकली. पण कंत्राटदारामार्फत लागलेली स्त्री हा हक्क मागायला धजत नाही. मागितला तर उद्या कामच मिळणार नाही, ही भीती असते. अंगणवाडी आहे, पण ती काही तासांची, आणि पाळी आठ तासांची.

म्हणून हा प्रश्न मोहल्ल्याकडे येतो. नमाजमध्ये मुलाचे रडणे कानी पडताच आईचा जीव कासावीस होईल म्हणून प्रेषित (स.) नमाज आटोपती घेत. आपल्या अनेक मशिदींना जोडून असलेल्या मक्तबच्या खोल्या फज्रनंतरचा तास-दीड तास सोडला तर दुपारपर्यंत बंद असतात. तेथे स्वच्छ पाणी, लहान मुलांजोगे शौचालय आणि दोन पगारी, जबाबदार स्त्रिया एवढी व्यवस्था कमिटीला अशक्य नाही. पगार वर्गणीतून द्यावा की अन्य निधीतून, जकातीची रक्कम त्यासाठी चालेल की नाही, हे उलेमांना विचारून ठरवावे लागेल. पण त्या बैठकीला पहाटेच्या बसने जाणाऱ्या माताही बोलवाव्यात. आणि बैठक त्यांची पाळी सुटल्यावर ठेवावी.