गुरूचे काय जाते?

आमच्या कॅम्प चारमध्ये लालचक्कीच्या आसपास विजेचा असा एकही खांब नसेल, की ज्याच्यावर एखाद्या क्लासची पाटी नाही. पाटीवर पंधरा-वीस मुलांचे फोटो, प्रत्येक फोटोखाली टक्के, आणि वरच्या बाजूला सरांचा फोटो. सरांचा फोटो मुलांच्या चौपट. टक्के मात्र सरांच्या फोटोखाली नसतात. या पाट्यांवर नापास झालेल्या मुलाचा फोटो मी अजून पाहिलेला नाही. आता क्लास तोच, सर तेच, बाकडीसुद्धा तीच. मग पास झालेला मुलगा सरांचा आणि नापास झालेला आईबापांचा, ही वाटणी केली कोणी? भावाभावांच्या वाटणीत निदान एखादे पितळी घंगाळ तरी दुसऱ्या बाजूला जाते.

हा प्रश्न मी बरीच वर्षे मनातल्या मनात घोळवला असता आणि एक दिवस विसरूनही गेलो असतो. पण मध्यंतरी माझ्या भाच्याची कंबर मोडली.

मोडली म्हणजे शब्दशः. पोरगा पंधरा वर्षांचा, फास्ट बोलर. कुठे पडला नाही, आपटला नाही, भांडण केले नाही. चार महिने ‘मामा, जरा ठणकतंय’ म्हणत होता आणि आम्ही सगळे ‘वाढीचं वय आहे’ म्हणत होतो. मग हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाला धरून दाखवली. कमरेच्या मणक्याला केसाएवढी चीर. एकच तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती एका जागी तुटते ना, तसे हाड. डॉक्टर म्हणाले, सहा महिने बॉलला हात लावायचा नाही. त्यावर आमच्या चिरंजीवांचा प्रश्न : “आणि सातव्या महिन्यात यॉर्कर टाकला तर चालेल?”

दुसऱ्या दिवशी आमच्या बिल्डिंगमध्ये दोन पक्ष पडले. (तसे ते पाण्याच्या टाकीवरून आधीपासून होतेच, आता त्यांना नवीन विषय मिळाला.) पहिल्या पक्षाचे म्हणणे, कोचने पोरगा संपवला. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, हल्लीच्या पोरांच्या हाडांतच दम नाही. वडापाव खाऊन का कुठे फास्ट बोलर होतात? या दुसऱ्या पक्षाचे पुढारी लहानपणी रॉकेलच्या डब्यावर दिवसभर बोलिंग करीत असत, असे ते स्वतः सांगतात. डबा हयात नसल्यामुळे शहानिशा करता येत नाही.

तिसरे मत आमच्या खालच्या मजल्यावरच्या सिंधी शेजाऱ्यांचे. त्यांचे शिलाई मशिनच्या पार्टचे दुकान आहे. फिल्म उलटसुलट करून पाहिल्यावर ते म्हणाले, “साई, जापान का पार्ट हो, जर्मनी का हो, सकाळी आणा, शाम तक बनवून देतो. हा एकच पार्ट आपल्याकडे नाही बनत.”

या वाक्याचे वजन कळायला आमचे गाव माहीत हवे. दुसऱ्या महायुद्धातली ही लष्कराची छावणी. १९४७ नंतर सिंधमधून आलेले निर्वासित तिच्या बराकींत राहिले, आणि १९४९ साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते छावणीचे उल्हासनगर झाले. कॅम्प हा शब्द तेव्हापासून चिकटला तो चिकटलाच. हातात काही नसलेल्या माणसांनी इथे बिस्किटापासून जीन्सपर्यंत सगळे काही बनवले आणि त्यावर ‘मेड इन यूएसए’ लिहिले. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तुम्हीही कधीतरी ऐकलाच असेल. अशा गावात, साहेब, मणक्याचा डुप्लिकेट मिळत नाही. तेव्हा असलेला ओरिजिनल वापरायचा कसा, हे सांगण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न साधा राहत नाही.

फास्ट बोलिंग ही मुळात शरीराने मान्य केलेली गोष्ट नव्हे. धावत येऊन पुढचा पाय जमिनीवर आपटायचा, त्या एका क्षणी शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार अंगावर घ्यायचा, आणि त्याच क्षणी कंबर मागे, बाजूला आणि पुढे अशी तिन्हीकडे पिळायची. त्यात पाय समोर आणि खांदे आडवे अशी मिश्र ॲक्शन असेल तर पीळ आणखी वाढतो. धुणे पिळतात तशी कंबर. आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची हाडे तर अजून पक्की व्हायची असतात. म्हणून इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने कित्येक वर्षे चक्क कोष्टक छापले : पंधरा वर्षांखालच्या फास्ट बोलरने एका दमात सहा आणि दिवसभरात बारा ओव्हर्स, बस. बारा ओव्हर्स म्हणजे ७२ चेंडू. मी भाच्याला विचारले, एखाद्या रविवारी तू किती टाकतोस? त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. सकाळी नेट, मग शाळेची मॅच, संध्याकाळी मैदानापलीकडच्या पोरांची टेनिस बॉलची टूर्नामेंट. बोटे दोनदा संपली, तेव्हा मी त्याला थांबवले.

म्हणजे निकाल लागला, कोच दोषी? तसे म्हणायला मला आवडले असते. बहीण माझी आहे. पण मोठ्या गावची उदाहरणे पाहू लागलो आणि खटला बिघडला.

इंग्लंडचा जेम्स अँडरसन. २००३ साली कसोटीत आला. बोलिंग टाकताना हा मान खाली घालायचा, म्हणजे चेंडू कुठे जातोय हे चेंडू सोडून सगळ्यांना दिसावे. जाणकार कोचमंडळींनी ठरवले की या ॲक्शनने याची पाठ मोडेल. पाठ मोडू नये म्हणून त्यांनी ॲक्शन बदलली. २००६ साली त्याची पाठ मोडली. मग तो आपल्या जुन्या, चुकीच्या ॲक्शनकडे परत गेला, २०२४ पर्यंत खेळला आणि ७०४ कसोटी विकेट काढून घरी गेला. तेव्हा काय, कोचने हात लावू नये? पण आपला जसप्रीत बुमराह घ्या. ती चार पावलांची धाव, तो काठीसारखा ताठ हात. असे काही मराठा सेक्शनच्या गल्लीत कुणी टाकले तर आजीबाई गॅलरीतून विचारतील, काय रे, खांदा आखडलाय का? शहाण्या कोचनी ती ॲक्शन तशीच राहू दिली. त्याचे जे झाले ते जगाने पाहिले. पण पाठ? ती २०१९ साली गेली, २०२२ मध्ये पुन्हा गेली आणि २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. हात लावला तरी मोडते, नाही लावला तरी मोडते.

आणि बडोद्याचा इरफान पठाण. जानेवारी २००६ मध्ये कराचीच्या कसोटीत पहिल्याच ओव्हरमध्ये हॅट्ट्रिक. पुढे दोन-तीन वर्षांत त्याचा स्विंग हरवला, वेग हरवला. साऱ्या देशाने एकमुखाने ग्रेग चॅपेलला दोषी ठरवले. विरार लोकलमध्येही आणि कर्जत लोकलमध्येही त्यावर एकमत होते, हे तर केवढे दुर्मीळ! नंतर पठाणनेच सांगितले की चॅपेलला दोष देणे ही निव्वळ सबब आहे. झाले! ज्याच्यासाठी आपण भांडायचे तोच साक्षीदार फितूर.

गुरूला पिंजऱ्यात उभे करायची आपल्याला सवय नाही, हेही खरे. उत्तम कोचला सरकार १९८५ पासून द्रोणाचार्य पुरस्कार देते. ज्या गुरूने न शिकवलेल्या शिष्याचा अंगठा फी म्हणून कापून घेतला, त्याच्या नावाचा पुरस्कार! द्रोणाचार्य आमच्या कॅम्पात क्लास चालवत असते तर खांबावर फक्त अर्जुनाचा फोटो असता. एकलव्याचा फोटो लावायची सूचना एखाद्या पालकाने केली असती, तर उत्तर मिळाले असते, “तो आमचा रेग्युलर विद्यार्थी नव्हता.”

पण गुरू नुसता अंगठा कापणारा असतो असेही नाही. आमच्या शेजारच्या कल्याणचा तुषार देशपांडे. लहानपणी शिवाजी पार्क जिमखान्यावर निवडीसाठी गेला तो बॅट्समन म्हणून. पाहतो तर पॅड बांधलेल्या पोरांची रांग मारुतीच्या शेपटासारखी आणि बोलर्सची आखूड. पोरगा बोलर्सच्या रांगेत जाऊन उभा राहिला. (लोकलने प्रवास करणाऱ्या माणसाला रांगेची अक्कल उपजत असते.) तिथे त्याला हेरणाऱ्यांत पद्माकर शिवलकर होते. स्वतः डावखुरे स्पिनर, प्रथम श्रेणीत ५८९ विकेट, आणि बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मल्यामुळे कसोटी एकही नाही. ज्याला आयुष्यभर दारात उभे ठेवले, त्याने दुसऱ्यासाठी दार उघडले. तो मुलगा २०२४ मध्ये भारताकडून खेळला, आणि शिवलकरांनी ते पाहिले. २०२५ मध्ये ते गेले. आता या गोष्टीत श्रेय कोणाचे? शिवलकरांच्या नजरेचे, की लांब रांगेचे?

आणखी एक गोष्ट सांगतो, मग भाच्याकडे वळू. १९८७ साली मद्रासला एमआरएफने फास्ट बोलर्स घडवायची शाळा काढली. शिकवायला डेनिस लिली. या लिलीची स्वतःची पाठ १९७३ मध्ये मोडली होती, आणि तो ॲक्शन नव्याने बांधून परत आला होता. म्हणजे मास्तर विषयात नापास होऊन पास झालेला, याहून चांगला मास्तर नसतो. तिथे मुंबईचा एक बुटका कुरळ्या केसांचा पोरगा फास्ट बोलर व्हायला गेला. लिलीने त्याला सांगितले, बाबा, तू बॅटिंग बघ. सचिन तेंडुलकरला बोलर होण्यापासून वाचवले ही लिलीची सर्वांत मोठी विकेट, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मला या गोष्टीत मौज वाटते ती अशी, की कोचने म्हटलेले ‘थांब’ फळाला आलेले आपल्याला दिसते ते असे क्वचित. एरवी ‘थांब’ या शब्दाचा पुरावाच मागे उरत नाही. कोचने शिकवलेला आउटस्विंगर दिसतो. न मोडलेला मणका कुणाला दिसतो? सहा ओव्हर्सनंतर ज्याला बसवला आणि ज्याची पाठ म्हणून शाबूत राहिली, तो मुलगा जन्मभर म्हणणार, सरांनी मला बोलिंग दिली नाही. त्याचा बापही तेच म्हणणार. जे झालेच नाही त्याचा फोटो खांबावर कसा लावायचा?

हे सगळे डोक्यात घेऊन मी एके सकाळी भाच्याच्या कोचना भेटायला मैदानावर गेलो. भांडायला गेलो होतो. बहिणीने तशी तयारीही करून घेतली होती. गृहस्थ नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ शिकवणारे, घसा बसलेला, टोपी उन्हाने पांढरी झालेली. मी कोण हे कळल्यावर त्यांनी आधी भाच्याची चौकशी केली, मग मला खुर्ची दिली आणि स्वतः पॅडच्या ढिगावर बसले.

“मामा, चाळीस पोरं आहेत,” ते म्हणाले. “सगळ्यांना बॅटिंग पाहिजे. मग त्यांना बॉल टाकणार कोण? जो नाही म्हणत नाही तो. तुमचा भाचा कधी नाही म्हणाला नाही.”

“तुम्ही म्हणायचं होतं.”

“म्हणतो ना! म्हटलं की बाप येतो. फी पूर्ण आणि बोलिंग अर्धी का, म्हणतो. दुसऱ्या मैदानावर नेऊन घालतो. तिथे पोटभर टाकू देतात.”

माझे भांडण निम्मे तिथेच सांडले. तरी मी नेटाने बसून राहिलो. बोलता बोलता त्यांना आठवण झाली, भाच्याची शेवटच्या महिन्याची फी राहिली होती. त्यांनी पिशवीतून रजिस्टर काढले. काय सुंदर रजिस्टर होते! लाल पुठ्ठा, पट्टीने आखलेले रकाने : नाव, जन्मतारीख, महिना, जमा, बाकी, पावती नंबर. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात कोणाचे पन्नास रुपये राहिले, तेही सापडेल.

“यात चेंडूंचा रकाना कुठे आहे?” मी विचारले.

“चेंडू कोण मोजतं, मामा?”

“त्याच्या कमरेने मोजलेच की.”

गृहस्थ गप्प झाले. रजिस्टरच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिले.

माझे मत विचाराल तर कोच दोषी आहेत. पण पोराचा इनस्विंगर आत आला नाही म्हणून नाही, ॲक्शन बदलली म्हणून नाही, की बदलली नाही म्हणूनही नाही. त्या बाबतीत देवालाही कळत नाही तिथे कोच काय करणार. दोष एवढाच, की जो माणूस रुपये मोजू शकतो तो चेंडूही मोजू शकतो. लिलीच्या पाठीच्या वेळी, १९७३ मध्ये, कुणाला फारसे माहीत नव्हते असे म्हणता येईल. आता कोष्टके छापून मिळतात. बाकी शाळेचे सर, टेनिस बॉलवाले आणि घरात मांडलेल्या कपांवरची धूळ रोज पुसणारी माझी बहीण, यांचा वाटा वेगळा काढावा लागेल. तो मी तूर्त काढत नाही, कारण रविवारी तिच्याकडे जेवायला जायचे आहे.

भाचा आता चौथ्या महिन्यात आहे. घरात बसून भिंतीवर बॉल मारायला लागला, तेव्हा बहिणीनेच त्याला मैदानावर पिटाळले. कोचनी त्याला एक दोनशे पानी वही आणि पेन्सिल दिली आहे. नेटच्या मागे स्टुलावर बसून तो चार उभ्या रेघा आणि एक आडवी अशी खूण करतो. ठरलेला आकडा झाला की ओरडतो, “ए, झाले तुझे, बस.” पोरे त्याला ‘मुनीमजी’ म्हणतात, आणखीही काही म्हणतात.

परवा मी तिथेच होतो. बाहेर बसवलेल्या एका मुलाचे वडील तरातरा नेटजवळ आले आणि माझ्या पोराला बोलिंगवरून काढणारा हा कारकून कोण, असे त्यांनी विचारले. कोचनी त्यांच्याकडे न बघता स्टुलाकडे बघितले.

“किती झाले रे त्याचे?”

“बेचाळीस, सर.”

“मग बसू दे त्याला.”

गृहस्थांनी खिशातून फीची पावती काढली.