अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांचे घर
(प्रेषितांची कृत्ये 18:24-28)

कैसर क्लौद्याच्या आज्ञेने रोम सोडलेल्या ह्या राहुट्या करणाऱ्या पतिपत्नींनी परदेशी, करिंथांत, पौलास आपल्या घरी ठेविले. पुढे इफिसांत त्यांस अपुल्लोस नामक उपदेशक भेटला. तो शास्त्रांत प्रवीण, आवेशी; परंतु त्यास केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. त्यांनी सभास्थानांत त्याचे न्यून काढिले नाही. त्यास जवळ करून देवाचा मार्ग अधिक नीट समजाविला. पुढे तो अखयांत विश्वासणाऱ्यांस मोठा साहाय्यक झाला. चारचौघांत लाजविला असता, तर कदाचित तो मुकाच राहता.

आम्हां अनुभवी सेवकांच्या गावी दुरून तरुण उपदेशक येतो, तेव्हा आम्ही उभयतां त्याच्या चुका मोजितो, की त्यास चुलीजवळ बसवून भाकरीसह बोध देतो? प्रभू आमची घरे उघडो. आमेन.