एकटा शब्द

जपानी माणूस सदरा घालतो तेव्हा क्रियापद ‘किरु’. पायजमा किंवा बूट असले की ‘हाकु’, डोक्यावर टोपी चढवायची तर ‘काबुरु’ आणि चष्म्यासाठी ‘काकेरु’. इंग्रजीचं एकटं ‘वेअर’ या सगळ्यांना पुरतं. मराठी माणसाला याचं नवल वाटू नये. आपणही साडी नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो, चष्मा लावतो. पण मग तोक्योतल्या विद्यार्थ्याने ‘वेअर’चा अर्थ म्हणून नेमकं काय पाठ करायचं?

शब्दाला स्वतःचा अर्थ असतो, की वाक्यात बसल्यावर तो मिळतो? वेदातल्या विधिवाक्यांचा अर्थ लावता लावता मीमांसकांनी हा वाद फार पूर्वी घातला. कुमारिल भट्टांचं म्हणणं, शब्द आधी आपापला अर्थ सांगतात, मग ते अर्थ जुळून वाक्यार्थ होतो. प्रभाकरांना हे अमान्य. त्यांच्या मते शब्द बोलतो तोच मुळी इतरांशी जोडलेला अर्थ. दाखला घरगुती आहे: थोरला म्हणतो, ‘गाय आण’, धाकटा आणतो, शेजारचं पोर बघत असतं. मग ‘गाय बांध’, ‘घोडा आण’. या अदलाबदलीतून पोराला ‘गाय’ कळते. सुटा शब्द त्याच्या कानावर पडलेलाच नसतो.

आता विसाव्या शतकातलं जपान. ए. एस. हॉर्नबी हा इंग्रज १९२४ साली तिथे शिकवायला गेला. व्याकरण पाठ असलेली मुलं साध्या वाक्यात अडखळत. जपानीत नामाला एकवचन-अनेकवचन सक्तीचं नाही, ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदं तर नाहीतच. हॉर्नबीने गेटनबी आणि वेकफील्ड यांच्यासह कोश रचला. त्यात कोणतं नाम मोजता येतं, कोणतं नाही, हे नोंदवलं आणि क्रियापदाचे वाक्यातले साचे दिले. ‘टेल मी’ चालतं, ‘एक्स्प्लेन मी’ चालत नाही. दोन्हींचा अर्थ ‘मला सांग’च्या आसपास, तरी बसण्याची जागा वेगळी. (ही चूक आपल्याकडच्या वर्गातही रोज ऐकू येते.) ऐन युद्धात, १९४२ साली, तो तोक्योत छापला गेला, १९४८ साली ऑक्सफर्डने तो काढला. आज आपल्या कपाटात असतो तो ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ याच वंशातला.

हॉर्नबीने प्रभाकर वाचले असतील असं वाटत नाही, पण काम त्यांच्या बाजूने केलं. म्हणून कुमारिल हरले, असंही नाही. कधीच न ऐकलेलं वाक्य आपल्याला पहिल्या फटक्यात कळतं, ते शब्दांकडे आधीची थोडी शिदोरी असते म्हणूनच. हा कोशही शेवटी लावलाय सुट्या शब्दांच्या वर्णानुक्रमानेच!

तेव्हा पुढच्या वेळी कोश उघडाल, तेव्हा अर्थाच्या पहिल्या ओळीवर थांबू नका. तिच्याखाली तिरप्या अक्षरांत छापलेली वाक्यंही वाचा.