कोणी बोलावले नसताना

रक्त कोणासाठी द्यायचे, या प्रश्नाचे माझे उत्तर वयाबरोबर बदलत गेले. कॉलेजात असताना ते अगदी सोपे होते: आपल्या माणसासाठी. नात्यात कोणाचे ऑपरेशन निघाले की ‘दोन बाटल्यांची सोय करा’ असा निरोप यायचा आणि काका, मामा, आतेभाऊ, शेजारचे दादा रक्तपेढीच्या दारात गोळा व्हायचे. बायकांनी डबे करायचे आणि पुरुषांनी रक्त द्यायचे, ही वाटणी कोणी न सांगताच ठरलेली असे. मी पहिल्यांदा रक्त दिले तेही घरच्याच माणसासाठी, आणि त्यावर घरात बरीच चर्चा झाली होती.

‘आपल्या माणसासाठी’ ही कल्पना मुळात रक्तसंक्रमणाच्या तंत्रातूनच आली असावी, असे मला पुढे वाचताना वाटले. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगटांचा शोध जाहीर केला. तरीही रक्त बाहेर काढले की गोठते, ही अडचण उरलीच होती. त्यामुळे दाता आणि रुग्ण एकमेकांशेजारी असावे लागत. १९१४ च्या सुमारास सायट्रेट मिसळून रक्त गोठू न देण्याची युक्ती सापडली, पुढे ते थंड ठेवून साठवता येऊ लागले आणि देणारा व घेणारा यांच्यात प्रथमच अंतर पडले. त्या अंतरात दोन माणसे येऊन उभी राहिली. एक, काहीही न घेता अनोळखी रुग्णाला रक्त देणारा. लंडनमध्ये पर्सी ऑलिव्हर यांनी १९२१ मध्ये अशा स्वयंसेवकांची यादीच तयार केली. दुसरा, पोटासाठी रक्त विकणारा.

आपल्याकडे हा दुसरा माणूस फार काळ राहिला. मुंबईत लीला मुळगावकरांसारख्या कार्यकर्त्यांनी ऐच्छिक रक्तदानाची चळवळ उभी केली होती. तरी रक्तपेढ्यांच्या आसपास धंदेवाईक दाते असायचेच. त्यांतले कित्येक कुपोषित, व्यसनी, कर्जात बुडालेले. हे थांबले ते सर्वोच्च न्यायालयामुळे. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर जानेवारी १९९६ मध्ये निकाल लागला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री करणाऱ्या दात्यांवर बंदी आली. विकणारा गेला, पण त्याची जागा लगेच अनोळखी स्वयंसेवकाने घेतली नाही. बऱ्याच ठिकाणी ती जबाबदारी नातेवाइकांवर आली: एक पिशवी न्या, बदल्यात एक द्या. ज्याचे शहरात कोणी नाही, त्या गडचिरोलीहून किंवा नंदुरबारहून आलेल्या माणसाने बदली दाता कुठून आणायचा? हा प्रश्न माझ्यासमोर आला आणि ‘आपल्या माणसासाठी’ हे उत्तर मला अपुरे वाटू लागले.

मग मी शिबिरांत जाऊ लागले. महाराष्ट्रात शिबिरांची परंपरा दांडगी आहे. शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणेशोत्सव, पुढाऱ्यांचे वाढदिवस. मंडपात खाटा लागतात आणि तरुण मुले रांगेने रक्त देतात. या मुलांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तांबड्या पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स फक्त पाच दिवस. एका आठवड्यात शेकडो पिशव्या जमल्या, तरी त्या पुढच्या ऋतूला पुरत नाहीत. मे महिन्यात कॉलेजे बंद असतात, लोक गावी जातात; दिवाळीत तेच. टंचाईचे आवाहन वर्तमानपत्रात नेमके तेव्हाच येते. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावेच लागते, त्यांना सुट्टी नसते. बाळंतपणात रक्तस्राव सुरू झालेल्या बाईला तर तास-दोन तासही नसतात. तिच्यासाठी तेव्हा धावत येणाऱ्या दात्याचा फारसा उपयोग नाही, कारण त्याच्या रक्ताच्या तपासण्यांना वेळ लागतो. तिला वाचवते ते आधीच कोणीतरी देऊन ठेवलेले, तपासलेले, शीतकपाटात तयार असलेले रक्त. हे मला उमगले तेव्हापासून मी ‘निरोप आला की जाईन’ असे म्हणणे सोडले.

अनोळखी, मोबदला न घेणारा दाता हा नुसता भला माणूस नसतो, तो अधिक सुरक्षितही असतो, ही गोष्ट मला सर्वांत उशिरा कळली. ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ या पुस्तकात इंग्लंड आणि अमेरिकेची तुलना करून हेच मांडले होते. प्रत्येक पिशवी एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस व मलेरियासाठी तपासली जाते. पण संसर्ग अगदी ताजा असेल तर चाचणीत तो दिसत नाही. तिथे आधार उरतो तो फक्त दात्याने भरलेल्या प्रश्नावलीचा. पैशाची गरज असलेला माणूस तिथे खरे लपवतो. नातेवाइकांच्या दडपणाखाली आलेला पुतण्याही लपवू शकतो. सगळ्यांसमोर ‘मी देऊ शकत नाही’ म्हणायचे कसे? ज्याच्यावर कसलेच दडपण नाही तोच मोकळेपणाने खरे सांगतो. म्हणून शिबिरात हेल्मेट किंवा बॅगा वाटण्याची प्रथा मला घातक वाटते. त्या वस्तू वाटणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण खोटे बोलायला लहानसे का होईना, कारण मिळते.

बायकांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. तो बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसे, तरंगला तर परत जायचे. माझाही थेंब तरंगलेला आहे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या नेमाने घेतल्या, नाचणी आणि पालेभाज्या वाढवल्या, आणि पुढच्या वेळी थेंब तळाला गेला. परत पाठवलेल्या कितीतरी बायका पुन्हा येतच नाहीत, ‘आपल्याला जमत नाही’ असे धरून चालतात. खरे तर त्या थेंबाने त्यांच्याच तब्येतीची खबर दिलेली असते, आणि ती त्यांना दुसरीकडे कुठे मिळाली नसती. दानासाठी स्वतःकडे लक्ष द्यावे लागते, हे घरासाठी राबणाऱ्या बाईला फार क्वचित सांगितले जाते.

आज माझे रक्त तांबड्या पेशी, प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा असे वेगळे होऊन तीन वेगवेगळ्या रुग्णांकडे जाऊ शकते. त्यांची नावे, जात, गाव मला कळत नाही आणि कळू नये, हेच योग्य आहे. आभार मानायला कोणी येत नाही, म्हणून कोणी ऋणीही राहत नाही. रुग्णालयाच्या खाटेवर पडलेल्या माणसाला एवढे तरी स्वातंत्र्य असावे.

तुमचे वय अठरा ते पासष्टच्या दरम्यान असेल, वजन किमान पंचेचाळीस किलो आणि हिमोग्लोबिन साडेबारा असेल, तर येत्या मे महिन्यात, कोणाचाही निरोप आलेला नसताना, जवळच्या परवानाधारक रक्तपेढीत जा. प्रश्नावली खरी भरा. नाही म्हणावे लागले तर नाही म्हणा. देऊन झाल्यावर पुढची तारीख लिहून ठेवा: पुरुषांनी तीन महिन्यांनंतरची, बायकांनी चार.