मंदावलेलं मन आणि गळ्यातली ग्रंथी

गलगंडाच्या शस्त्रक्रियेत बर्नच्या थिओडोर कोखरचा हात धरणारं कुणी नव्हतं. तो अख्खी थायरॉइड काढून टाकी. गाठ जाई, जखम भरे, रुग्ण घरी जाई. १८८३मध्ये त्याने जुन्या रुग्णांना तपासायला परत बोलावलं आणि तो हादरला. त्यांत एक मुलगी होती. अकराव्या वर्षी शस्त्रक्रिया झाली तेव्हा ती आणि तिची धाकटी बहीण वेगवेगळ्या ओळखू येऊ नयेत इतक्या सारख्या दिसत. आता धाकटी चांगली उंचनिंच तरुणी झाली होती आणि थोरली तेवढीच राहिली होती, चेहरा सुजलेला, बुद्धी मंद. पूर्ण ग्रंथी काढलेल्या बहुतेकांची थोड्याफार फरकाने हीच गत होती. कोखरने साध्या गलगंडासाठी अख्खी ग्रंथी काढणं थांबवलं.

त्याआधी दहा वर्षं लंडनच्या विल्यम गलने अशाच मंदावत गेलेल्या प्रौढ बायकांचं वर्णन केलं होतं. पण कारण त्याच्या हाती लागलं नव्हतं. लंडनच्याच वैद्यकीय समितीने १८८८मध्ये हे धागे जुळवले आणि अशा रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना भ्रम किंवा भास होतात, हेही नोंदवलं. १८९१मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरेने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका बाईला टोचला. ती सुधारली आणि पुढे २८ वर्षं जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! माणसाची उमेद, बोलण्याची लय, आठवण हे सगळं बाहेरून देता येतं, हा केवढा मोठा शोध होता.

तरी वेड्यांच्या इस्पितळांपर्यंत तो पोचायला अर्धं शतक गेलं. ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड अ‍ॅशरने १९४९मध्ये चौदा मनोरुग्णांची हकिगत छापली. त्यांचं वेड थायरॉइडच्या कमतरतेतून आलेलं होतं, आणि ग्रंथीच्या औषधाने त्यांतले नऊ पूर्ण बरे झाले. त्यांच्यासारखे किती जण निदानाविना कोंडलेले राहिले असतील, हा विचार मला अस्वस्थ करतो.

कमी पडतं ते बाहेरून द्यायचं, ही कल्पना आपल्या देशात मिठातून घरोघर गेली, कारण थायरॉइडला तिचा स्राव बनवायला आयोडीन लागतं. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६पासून व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी काही गावांना आयोडीनयुक्त मीठ दिलं, काहींना साधं. आयोडीनवाल्या गावांत गलगंड झपाट्याने कमी झाला आणि १९६२मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. गलगंड डोळ्यांना दिसतो म्हणून त्याची चर्चा जास्त झाली. खरा धोका पोटातल्या बाळाला होता. पहिले काही महिने त्याचा मेंदू आईच्याच थायरॉक्सिनवर, म्हणजे तिच्या थायरॉइडच्या स्रावावर, वाढतो.

आता लोलक दुसऱ्या टोकाला जातो आहे. दमणूक, विसरभोळेपणा, चिडचिड, सगळ्याचं खापर थायरॉइडवर. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत ६५ वर्षांवरच्या, किंचित कमी थायरॉइड असलेल्या ७३७ जणांना थायरॉइडची गोळी किंवा बिनऔषधाची गोळी दिली. थकव्यात काहीच फरक पडला नाही. हे नीट लक्षात ठेवायला हवं. तरीही कालपरवापर्यंत घर हलवून सोडणारी बाई हळूहळू गप्प होते, थंडी वाजते म्हणते, सारखी झोपते, तेव्हा 'आळशी झालीस' म्हणण्याआधी तिची थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्यावी, एवढं मी हट्टाने सांगेन.